तबकडीतील दशावतार

1746 मध्ये तेरेखोलचा किल्ला आणि 1788 मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर देवळांपुढील दशावतार रंगतच राहिला. पुढे तो तबकड्यांतून घरोघरी पोचला. 1993 मध्ये व्हिडिओ सीडीचे मानक ठरले. 1996 मध्ये जपानात डीव्हीडी विक्रीस आली.

संगणकातील फाईल तबकडीवर नुसती उतरविली, तर जुन्या प्लेअरला ती वाचता येत नसे. बाळबोधच जाणणाऱ्यापुढे मोडी दप्तर ठेवावे, तशी ती गत. म्हणून तिचे सीडीसाठी एमपेग-1 व डीव्हीडीसाठी एमपेग-2 या संकेतांत रूपांतर करावे लागे. मोडीचे बाळबोध करताना अक्षर गळू नये, अशी दक्षता घेता येते. येथे मात्र तपशील गळतोच. सीडीच्या चित्रात 352×288 बिंदू मावतात, डीव्हीडीच्या 720×576. एकदा गळलेले पुन्हा मिळत नाही.

न्यायालय नकलेआधी अस्सल कागद मागते. देवस्थानांनीही हाच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते. तबकडी भाविकांस खुशाल द्यावी. परंतु ती कालांतराने बिघडते, आणि प्लेअरही घरांतून नाहीसे होत आहेत. यास्तव मूळ फाईल दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करावी. नक्कल पुन्हा करता येईल, अस्सल नव्हे.