किल्ल्याबाहेरचा राजा

तंजावरचे सरफोजी राजे १८२० साली काशीयात्रेला निघाले तेव्हा राज्य असे त्यांच्या हाती उरलेच नव्हते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कावेरीकाठचा सारा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात गेला होता. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वेशीबाहेर पाऊल टाकले की दुसऱ्याची हद्द. आणि राजांना जायचे होते प्रयाग, काशी, गया या त्रिस्थळीला, बरोबर सुमारे तीन हजार माणसे घेऊन. एवढा लवाजमा परक्या अमलातून न्यायचा म्हणजे तंबू-राहुट्या आणि धान्याच्या गोण्या यांच्याही आधी लागतो तो कागद. दरबारातल्या कंपनीच्या रेसिडेंटला पत्र, त्याचे उत्तर, पुन्हा पत्र.

प्रवासाची आखणी म्हणजे काय हे मला थोडेफार कळते. माझी सगळी नोकरी तंजावर जंक्शनच्या आरक्षण खिडकीमागे झाली. गाडीचे नाव माणूस शेवटी सांगतो. आधी विचारतो, उतरल्यावर राहायची सोय कुठे, जेवणाचे काय, देऊळ स्टेशनापासून किती लांब. जणू खिडकीतल्या बाबूची तिथे खानावळ आहे. काशीची तिकिटे काढायला मेल वीधी, वडक्कु वीधीतली आमची मराठी घरेही येत. त्यांचा क्रम ठरलेला. आधी रामेश्वर, तिथली वाळू बांधून घ्यायची, ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची, काशी आणि गया उरकायची, गंगा भरून आणायची आणि पुन्हा रामेश्वर गाठून तिने अभिषेक करायचा. म्हणजे रामेश्वराला दोनदा जाणे आले. नुसती काशी करून परतणाऱ्याला आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अर्धा यात्रेकरू समजत. उत्तरेकडची माणसे हाच फेरा उलट्या बाजूने घालत, आणि रामेश्वराला जाताना त्यातली पुष्कळशी आमच्या दाराशी येत. तंजावरच्या इतिहासात या वाटसरूंना फार मोठी जागा आहे.

यंदा माझी भाची आणि तिचा नवरा भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जायचे ठरवताहेत. तिने मला तक्ता पाठवला. ‘मामा, तुम्ही तिकिटे काढण्यात जन्म काढलात, कुठे चुकतेय तेवढे सांगा.’ जहाज बार्सिलोनाहून सुटणार, म्हणून आधी तिथे हॉटेल. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. पुढे मार्सेय, लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स. तक्ता वाचता वाचता लक्षात आले की जहाज रोमला लागतच नाही. ते लागते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. फ्लॉरेन्स पाहायचे तर उतरायचे लिव्होर्नोला आणि पुढे नव्वदेक किलोमीटर आत जायचे. नेपल्सला उतरून पॉम्पे. बंदर एकीकडे, क्षेत्र दुसरीकडे, आणि मधल्या रस्त्याची काळजी ज्याची त्याने करायची. बंदरापासून क्षेत्रापर्यंतच्या या फेरीलाच शोअर एक्स्कर्शन म्हणतात. जहाज कंपनीकडून सहल घेतली आणि बस अडकली, तर जहाज थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला, तर पुढचे बंदर आपल्या पैशाने गाठा. भाचीने परतीच्या वेळेचा रकाना तांबडा केला होता. चूक काढण्यासारखे काही नव्हते. चिवितावेक्कियाला मात्र कंपनीचीच बस घे, असे मी सांगितले.

ही सारी यातायात प्रवाशाची. तंजावरच्या भोसल्यांनी, म्हणजे सरफोजींच्या घराण्याने, हाच प्रश्न यजमानाच्या बाजूने सोडवला होता. एकोजी राजे इथे गादीवर बसले ते १६७५-७६ च्या सुमारास. त्यांच्या वंशजांनी रामेश्वराच्या वाटेवर, आतल्या रस्त्याने आणि समुद्राच्या काठाकाठानेही, छत्रे म्हणजे वाटसरूंच्या राहण्याजेवणाची धर्मादाय ठिकाणे बांधली आणि प्रत्येकाला गावे नि जमिनी तोडून दिल्या. बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे आहेत. निडामंगलमचे छत्र प्रतापसिंह राजांनी यमुनांबेच्या नावाने बांधले, मणमेलकुडीचे द्रौपदांबेच्या नावाने आहे. किनाऱ्यावर सेतुबावाछत्रम नावाचे गावच आहे. बसच्या पाटीवर ते नाव अजून दिसते.

सरफोजींनी स्वतः बांधलेले मोठे छत्र ओरत्तनाडूचे, तंजावरहून पट्टुकोट्टैला जाताना लागते ते. साल १८०२. नाव मुक्तांबा. ही राजांची लग्नाची बायको नव्हे, प्रेमाची होती, आणि तिच्या शेवटच्या इच्छेवरून हे छत्र उभे राहिले असे इथे सांगतात. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. राण्यांच्या मालिकेत तिचे नाव बसले ते अन्नदानाच्या जोरावर, आणि आज राजांच्या राण्या यमुनाबाई-अहल्याबाई यांच्यापेक्षा मुक्तांबाच लोकांच्या तोंडी आहे. इमारतीचा दर्शनी भाग रथासारखा केला आहे, हत्ती-घोडे ओढताहेत असा.

छत्रांत काय चाले ते खुद्द राजांच्याच शब्दांत नोंदलेले आहे. २८ जानेवारी १८०१ रोजी त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक लांबलचक पत्र पाठवले. तहावर सही होऊन सव्वा वर्ष झाले होते, मुलूख गेला होता. पत्रात मागणे एकच, छत्रे माझ्याकडे राहू द्या. आणि ती का, हे पटवण्यासाठी त्यांनी छत्राचा दिवसभराचा कारभार उलगडून दाखवला आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो येईल त्याला शिजवलेला भात. कोणाला शिजलेले चालत नसेल त्याला तांदूळ आणि वर मसाला वगैरे. वाढप मध्यरात्रीपर्यंत. मग घंटा वाजवायची आणि पुकारा करायचा की अजून जेवायचे कोणी राहिले असेल त्याने यावे, भात तयार आहे.

ती घंटा मला सोडवत नाही. भाचीच्या जहाजावरही भोंगा वाजतोच, पण तो सांगतो की आता आलात तर आलात.

पत्रात पुढे आणखी पुष्कळ आहे. छत्रात चारही वेदांचा एकेक अध्यापक, शिवाय शाळेचा पंतोजी. रोगांवर, सुजेवर, सर्पविषावर औषध देणारे वैद्य. अनाथ पोरे पंतोजीच्या हवाली. त्यांना तीन वेळ जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाणे, कपडे, औषधपाणी. वाटेत आजारी पडलेल्याला पुढे जाता येईपर्यंत ठेवून घ्यायचे. तान्ह्या मुलांना दूध. पोटुशी बाई आली तर तिची बडदास्त, ती तिथेच बाळंत झाली तरी काळजी छत्राची. आणि कोणी छत्रात मेलाच, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याची शेवटची क्रिया. आजच्या कुठल्या प्रवासी विम्यात हे सगळे एका ठिकाणी सापडते का, हे मी भाचीला विचारले. तिने उत्तर दिले नाही, पण तिच्या पॉलिसीची प्रत पाठवली; मी ती वाचली आणि विषय सोडून दिला.

हे पत्र लिहिणारा माणूस भाबडा नव्हता. राजांचे बालपण वारशाच्या भांडणात गेले होते. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छायेत आणि पुढे मद्रासला त्यांचे शिक्षण झाले, आणि इंग्रज अधिकाऱ्याला कोणता मुद्दा लागू पडतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. धर्मादायाला हात लावला तर देशभर बोभाटा होईल, हे न बोलता बोललेले त्या पत्रात आहे. शिवाय भाबडे आपणही राहू नये. एकाच छत्रात सगळे जेवत, पण एका पंगतीत नव्हे. कोरडा शिधा मागणाऱ्यांची सोय मुद्दाम सांगितली आहे ती त्याचसाठी. आणि हा भात आकाशातून पडत नव्हता. कावेरीच्या चिखलात कमरेत वाकून लावणी करणाऱ्या पळ्ळर-परैया शेतमजुरांच्या घामाचा तो होता. राजा उदार होता हे खरे, आणि त्याच्या उदारपणाची किंमत शेतावर मोजली जात होती हेही खरे.

तरी माझे म्हणणे असे की मुलूख गेल्यावर राजेपण उरले होते ते याच दोन ठिकाणी, वाटसरूला जेवू घालण्यात आणि स्वतः वाटसरू होऊन बाहेर पडण्यात. किल्ल्यात त्यांच्याकडे पेन्शनीचा हिशेब होता. काशीच्या वाटेवर मुक्काम पडला, दानधर्म सुरू झाला, गोरगरिबांच्या रांगा लागल्या, म्हणजे पुन्हा राजा. कंपनीला ते दिसत नसेल असे नाही. पण यात्रेला नाही म्हणणे तिलाही जड गेले असते.

यात्रा १८२० ते १८२२ अशी चालली. तिच्यावर मराठीत लावण्या रचल्या गेल्या, त्या ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ म्हणून सरस्वती महाल ग्रंथालयाने छापल्या आहेत. लावणी म्हटले की पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला ढोलकी ऐकू येते. आमच्या दरबारी लावणीत राजांची यात्रा आली. राजांनी काशीहून पोथ्या आणल्या, काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. ती चित्रे आजही सरस्वती महालात पाहायला मिळतात. गंगाजळाबरोबर चित्रांची बासने आणणारा यात्रेकरू मला फार आधुनिक वाटतो.

सामान्य माणसाला मात्र राजाच्या यात्रेचा उपयोग नाही, कारण राजाला दुकान कुठे आहे हे विचारावे लागत नाही. त्यासाठी वाचावे एनुगुल वीरास्वामी यांना. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात ते मुख्य दुभाषी होते. १८ मे १८३० रोजी ते कुटुंबकबिला आणि नोकरचाकर घेऊन निघाले, हैदराबाद, नागपूर, जबलपूर करत प्रयाग-काशीला पोचले आणि पूर्व किनाऱ्याने सप्टेंबर १८३१ मध्ये घरी परतले. त्यांची ‘काशीयात्रा चरित्र’ ही तेलुगू वही १८३८ साली छापली गेली. मुक्काम कुठे केला, पाणी कसे आहे, बाजार आहे का, उतरायला जागा मिळते का, रस्ता गाडीचा की पायवाटेचा, हे गावागणिक लिहिले आहे. माझ्या खिडकीवर अशी वही टांगलेली असती तर अर्धी रांग कमी झाली असती.

भूमध्य समुद्र सरफोजींनी कधी पाहिला नाही. पण त्यांनी तो वाचला होता. त्यांच्या ग्रंथसंग्रहात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन पुस्तके हजारोंनी होती. जॉन्सनच्या १७८४ सालच्या कोशावर त्यांची सही आहे. बिशप हीबर १८२६ मध्ये तंजावरला आले तेव्हा हा हिंदू राजा लाव्हाझिए आणि लिनीयस या शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, याचे त्यांना नवल वाटले. आणि या वाचनाचे राजांनी केले काय, तर मराठी नाटक. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त भविष्य सांगणारी डोंगरातली कुरत्ती इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल सांगते, खंड, देश, समुद्र. स्वर्गातल्या राणीला युरोपची माहिती टोपली घेऊन हिंडणाऱ्या बाईने द्यावी, ही कल्पना मला कोणत्याही ॲटलासपेक्षा बहारदार वाटते.

भूमध्य समुद्राशी तंजावरचा आणखी एक धागा आहे, तो दगडविटांचा. पट्टुकोट्टैच्या पलीकडे, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठावर, राजांनी आठ मजल्यांचा मनोरा उभारला. इंग्रजांच्या विजयाची आणि बोनापार्टच्या पाडावाची आठवण म्हणून, असे त्याच्यावर कोरले आहे. लोक वॉटर्लूचा मनोरा म्हणतात, गाईडही तसेच सांगतात. पण त्या कोरीव लेखात साल आहे १८१४, आणि वॉटर्लू झाली जून १८१५ मध्ये. १८१४ चा पाडाव म्हणजे नेपोलियनला एल्बा बेटावर पाठवले तो. हे एल्बा लिव्होर्नो आणि चिवितावेक्किया यांच्या मधल्या समुद्रात आहे, भाचीच्या तक्त्यातल्या दोन बंदरांच्या मधोमध. मी तिला तसे कळवले. ती म्हणाली, ‘मामा, तिथे जहाज थांबत नाही.’ नेपोलियनही तिथे फार दिवस थांबला नाही.

सरफोजी राजे १८३२ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव शिवाजी राजे १८५५ मध्ये मुलगा मागे न ठेवता वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. छत्रे सरकारच्या ताब्यात गेली. पुढे रेल्वे आली, पायी जाणारा यात्रेकरू आटला आणि छत्रांचे उत्पन्न शाळा-वसतिगृहांकडे वळले. मुक्तांबेच्या छत्रात कैक वर्षे विद्यार्थी राहत होते. तिरुवैयारूचे संस्कृत महाविद्यालयही छत्राच्याच पैशावर उभे राहिले. तंजावरात छत्रांच्या कारभारासाठी आजही वेगळे तहसीलदार नेमलेले असतात. जमिनींचा खंड, थकबाकी आणि अतिक्रमणे, हे त्यांचे काम.