अंगठा आणि तर्जनी : रिव्हॉल्व्हरच्या चापाचा इतिहास

घोडा असलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्यापूर्वी दोन कामे व्हावी लागतात : कमानीच्या ताणाविरुद्ध घोडा मागे खेचून अडकवणे हे पहिले आणि अडकलेला घोडा मोकळा करणे हे दुसरे. घोडा आधी अंगठ्याने चढवावा लागत असेल आणि चाप केवळ तो सोडण्याचे काम करीत असेल, तर त्या रचनेला ‘सिंगल अ‍ॅक्शन’ म्हणतात. चापाच्या एकाच लांब ओढीत घोडा चढून सुटतही असेल, तर ती ‘डबल अ‍ॅक्शन’ ठरते. रिव्हॉल्व्हरचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन कामांच्या वाटणीचा इतिहास आहे.

सॅम्युएल कोल्ट याने 1836 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये अंगठ्याने घोडा चढवताच गोळ्यांचे चक्र एक घर पुढे सरकून नळीसमोर पक्के बसत असे आणि चापाकडे फारच थोडे काम उरल्यामुळे तो हलक्या दाबाने सुटे व नेम ढळत नसे. पुढच्याच वर्षी ईथन अ‍ॅलन याने अनेक नळ्यांच्या ‘पेपरबॉक्स’ पिस्तुलासाठी चापानेच घोडा चढवण्याची युक्ती नोंदवली. तथापि नळ्यांचा जड जुडगा आणि नजरेच्या रेषेत येणारा घोडा यांमुळे ते हत्यार हातभर अंतरापलीकडे फारसे भरवशाचे राहिले नाही.

खरा सामना 1851 मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात जुळून आला. तेथे कोल्टची रिव्हॉल्व्हरे मांडलेली असतानाच इंग्रज कारागीर रॉबर्ट अ‍ॅडम्स याने त्याच वर्षी पेटंट घेतलेले पाच बारांचे रिव्हॉल्व्हर पुढे आणले, ज्याच्या घोड्याला अंगठ्यासाठी पकडच नव्हती आणि सारे काम तर्जनीच्या ओढीवर सोपवलेले होते. दूरच्या लक्ष्यावर कोल्टचा हलका चाप सरस ठरे, परंतु अंगावर धावून येणाऱ्या शत्रूसमोर प्रत्येक बारापूर्वी घोडा चढवण्यात जाणारा क्षणही मोलाचा असे. म्हणून या वादात दोन्ही बाजू खऱ्या होत्या असेच म्हणावे लागते. त्या वेगवेगळ्या लढायांसाठी बोलत होत्या.

हा पेच फ्रेडरिक ब्यूमाँट या इंग्रज लष्करी अभियंत्याने 1856 मध्ये सोडवला. त्याच्या सुधारणेमुळे अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा निवांतपणी अंगठ्याने चढवता येऊ लागला आणि घाईत नुसता चाप ओढूनही बार काढता येऊ लागला. ‘डबल अ‍ॅक्शन’ या नावाने पुढे सर्वत्र ओळखली गेलेली रचना प्रामुख्याने हीच असून केवळ चापावर चालणाऱ्या अ‍ॅडम्सच्या मूळ नमुन्याहून ती वेगळी मानली पाहिजे. ब्रिटिश सैन्याने ती लगेच स्वीकारली आणि 1857 च्या उठावात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती ही रिव्हॉल्व्हरे होती. कोल्टचा लंडनमधील कारखाना तोवर बंद पडला होता.

अमेरिकेत मात्र जुनी पद्धत टिकली. कोल्ट कंपनीचे 1873 चे प्रसिद्ध सैनिकी रिव्हॉल्व्हर सिंगल अ‍ॅक्शनच होते आणि तिचे पहिले डबल अ‍ॅक्शन 1877 मध्ये, म्हणजे संस्थापकाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, बाजारात आले.

स्वयंभरण पिस्तुलात प्रत्येक बारानंतर मागे सरकणारा वरचा भाग घोडा आपोआप चढवतो, त्यामुळे प्रश्न केवळ पहिल्या गोळीपुरता उरतो. जर्मनीतील वाल्थर कंपनीने 1929 च्या ‘पीपी’ नमुन्यात पहिली गोळी लांब व जड ओढीने आणि पुढच्या हलक्या ओढीने सुटतील अशी सोय केली. नळीत काडतूस भरून, पण घोडा उतरवून पिस्तूल बाळगणे त्यामुळे शक्य झाले. त्याच्या मोबदल्यात पहिल्या आणि दुसऱ्या बारासाठी बोटाला दोन निरनिराळे दाब सरावाने शिकावे लागले.