रूळ गेले, स्टेशन राहिलें

अमेरिकेच्या आयडाहो संस्थानांत वॉलेस नांवाचें एक लहानसें गांव आहे. चहूंबाजूंनीं डोंगर, आणि त्या डोंगरांच्या पोटांतून आजवर १०० कोटी औंसांहून अधिक चांदी निघालेली. तेथील नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचें जुनें स्टेशन पाहावयास मी गेलों, तेव्हां प्रथम जाणवली ती एक विसंगति. गोल मनोऱ्याची डौलदार इमारत उभी आहे. पण तिच्या दाराशीं रूळ नाहींत.

ही इमारत १९०२ सालची. तिच्या पिवळसर विटा टॅकोमा येथील अपुऱ्या राहिलेल्या एका हॉटेलासाठीं चीनमधून आणविल्या होत्या, असें सांगतात. खाणीच्या गांवास एवढें वैभव कशाला, असें कोणास वाटेल. परंतु त्या काळीं खाणींतील माल रेल्वेवांचून बाजारास पोंचविणें परवडत नसे. ज्याच्या हातीं रूळ, त्याच्या हातीं सारें खोरें.

हें मालकांप्रमाणें मजुरांसहि ठाऊक होतें. संघाची मान्यता व वेतन यांवरून चिघळलेल्या तंट्यांत, २९ एप्रिल १८९९ रोजीं, सुमारें हजार खाणकामगारांनीं याच कंपनीची आगगाडी ताब्यांत घेतली आणि सुरुंगाची दारू भरून नेऊन बंकर हिल कंपनीची गिरणी उडविली. लागलीच लष्कर आलें. शेंकडों माणसें धरलीं गेलीं; कित्येकांना जुन्या कोठारांत व मालगाडीच्या डब्यांत कोंडलें. बहुतेकांवर खटला असा झालाच नाहीं. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं हें सुंदर स्टेशन उघडलें! त्याची शोभा पाहतांना ते डबे विसरणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं.

तथापि एवढेंच सांगून थांबणें हाहि अन्यायच होईल. २० ऑगस्ट १९१० रोजीं रानांतील वणवा गांवांत शिरला व सुमारें तृतीयांश गांव जळालें. त्या रात्रीं बायकामुलांना व आजाऱ्यांना बाहेर काढलें तें आगगाड्यांनींच. स्टेशन बचावलें.

पुढें संकट आलें तें हमरस्त्याचें. नवा राजमार्ग गांवाच्या मध्यभागांतून जाणार होता. गांवकऱ्यांनीं १९७९ सालीं सारी पेठच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत नोंदवून घेतली. शेवटीं रस्ता खांबांवर उचलून गांवाच्या कडेनें न्यावा लागला. स्टेशन मात्र त्याच्या वाटेंत येत होतें. म्हणून १९८६ सालीं तें सुमारें २०० फूट हलविलें. आज तेथें संग्रहालय आहे.

ज्या कंपनीनें तें बांधलें, ती १९७० सालींच दुसरींत विलीन झाली. तिची वास्तु गांवानें आपली म्हणून जपली, हें खरोखर स्पृहणीय होय. त्याच जिव्हाळ्यानें मालडब्यांत कोंडलेल्या त्या माणसांचीहि आठवण जपली जावी, एवढेंच मागणें.