आउश्वित्झचा डॉक्टर आणि एक गाणे

‘एंजल ऑफ डेथ’ हे गाणे अमेरिकेतील ‘स्लेयर’ या थ्रॅश मेटल बँडच्या ‘रेन इन ब्लड’ या अल्बममधले पहिले गाणे. अल्बम 7 ऑक्टोबर 1986 रोजी बाजारात आला. शब्द आणि संगीत दोन्ही गिटारवादक जेफ हॅनेमन याचे. गाण्याचा विषय आहे योझेफ मेंगेले, आउश्वित्झच्या छळछावणीतला नाझी डॉक्टर.

मानववंशशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही विषयांत डॉक्टरेट मिळवलेला मेंगेले मे 1943 मध्ये आउश्वित्झला रुजू झाला. रेल्वेने आणलेल्या कैद्यांपैकी कोणाला कामाला जुंपायचे आणि कोणाला थेट विषारी वायूच्या कोठडीत धाडायचे, हे ठरवणाऱ्या डॉक्टरांपैकी तो एक होता. आनुवंशिकतेच्या अभ्यासाच्या नावाखाली त्याने जुळ्या मुलांवर क्रूर प्रयोग केले. या छावणीत एकूण सुमारे 11 लाख माणसे मारली गेली, त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. युद्धानंतर मेंगेले दक्षिण अमेरिकेत पळाला आणि 1979 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर बुडून मेला. जून 1985 मध्ये त्याची कबर उकरण्यात आली, तेव्हा त्याचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. त्यानंतर सव्वा वर्षाने हे गाणे आले.

दौऱ्यावर असताना हॅनेमनने मेंगेलेवरची पुस्तके वाचली होती, त्यांतून गाण्याचे शब्द तयार झाले. मात्र इतिहासाच्या दृष्टीने ते काटेकोर नाहीत. गोठवणाऱ्या पाण्यात माणसांना बुडवून ठेवण्याचे प्रयोग गाण्यात मेंगेलेच्या कहाणीत येतात, प्रत्यक्षात ते मुख्यतः डाखाऊच्या छावणीत, झिगमुंट राशरच्या हाताखाली झाले. खरी अस्वस्थता मात्र निवेदनातून येते. गाणे कधी बळीला उद्देशून बोलते, तर कधी मारणाऱ्याच्याच तोंडून. त्यात मेंगेलेला खाटीक म्हटले आहे, पण ऐकणाऱ्याला धीर देईल असा निषेधाचा स्वर कुठेही नाही. यातच या गाण्याची ताकद आहे, आणि त्यावरच्या आक्षेपांचे मूळही.

संगीत शब्दांइतकेच निर्दय आहे. सुरुवातीच्या गिटारपाठोपाठ गायक टॉम अरायाची लांबलचक किंकाळी येते आणि ड्रम व गिटार सुसाट धावतात. मध्यावर लय एकदम जड होते आणि एकच रिफ, म्हणजे गिटारची छोटी सुरावट, पुन्हा पुन्हा आदळत राहतो. पुढे डेव्ह लोम्बार्डोच्या डबल बास ड्रमचा छोटा तुकडा येतो आणि वेग परततो. निर्माता रिक रुबिनने मेटलमध्ये तेव्हा रूढ असलेला घुमारा काढून टाकला, त्यामुळे प्रत्येक आघात कोरडा आणि जवळून ऐकू येतो. पाच मिनिटांच्या आतले हे गाणे दहा गाण्यांच्या त्या अल्बममधले सर्वांत लांब. अख्खा अल्बमच जेमतेम 29 मिनिटांचा आहे.

हा अल्बम करणारी रुबिनची ‘डेफ जॅम’ ही खरे तर हिप-हॉपची कंपनी होती. तिचे वितरण ‘कोलंबिया’कडे होते. या गाण्याचा विषय आणि अल्बमचे भीषण मुखपृष्ठ पाहून कोलंबियाने अल्बम काढायला नकार दिला, शेवटी ‘गेफेन’ने तो बाजारात आणला. काळही नाजूक होता. गाण्यांतल्या हिंसक आणि अश्लील शब्दांवर अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सप्टेंबर 1985 मध्येच सुनावणी झाली होती.

बँडवर नाझींचे उदात्तीकरण केल्याचा आरोप झाला. बँडने तो सतत नाकारला. मेंगेले दुष्ट होता हे वेगळे सांगण्याची गरजच नाही, असे हॅनेमनचे म्हणणे. अराया मूळचा चिलीचा, लोम्बार्डो क्यूबाचा, आणि रुबिन ज्यू कुटुंबातला, हेही ध्यानात घ्यायला हवे. पण हॅनेमन नाझी पदके जमवायचा, त्यामुळे संशय विरला नाही. छावणीतून वाचलेल्यांना हे गाणे ऐकणे असह्य वाटले, तर त्यात त्यांची चूक नव्हती. क्रौर्याचे चित्रण आणि त्याची भलामण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तरी ज्याने ते भोगले त्याच्याकडून हा भेद करण्याची अपेक्षा धरता येत नाही.

रेडिओची फारशी साथ नसतानाही अल्बमने 1992 मध्ये अमेरिकेत ‘गोल्ड’ म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा गाठला. ‘पब्लिक एनिमी’ या हिप-हॉप गटाने 1988 मध्ये गाण्याच्या मध्यातला तो जड रिफ आपल्या एका गाण्यात वापरला. पुढच्या डेथ मेटल बँडांनी या गाण्यातला वेग उचलला आणि शब्दांतला शवागारी तपशीलही. हॅनेमन 2013 मध्ये वारला. नोव्हेंबर 2019 मध्ये लॉस एंजेलिसजवळ झालेल्या स्लेयरच्या निरोपाच्या मैफिलीत शेवटचे म्हणून हेच गाणे वाजवले गेले. 2024 मध्ये बँड पुन्हा मंचावर आला.