लष्करी ट्रकला डिझेलचे इंजिन

धुळे-जळगावच्या रस्त्यांवर डिझेल ट्रकचे आज कुणाला नवल नाही. पण १९४५ साली महायुद्ध संपले आणि फोर्ड, शेव्हर्ले, डॉज अशा लष्करी गाड्या सरकारने विकायला काढल्या, तेव्हा त्या बहुतेक पेट्रोलवर चालत. शेव्हर्लेचे इंजिन सुमारे ८५ अश्वशक्तीचे. पर्किन्सचे पी-६ हे डिझेल इंजिन कागदावर साधारण तेवढेच. मात्र ते कमी फेऱ्यांत जास्त ओढ देई, इंधनही कमी पिई. म्हणून जुन्या सांगाड्यांत डिझेल इंजिने बसू लागली.

काम सोपे नव्हते. इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे मजबूत करायचे. जुन्या गिअरबॉक्सशी ते जुळवायचे. पुढे १९५४ पासून टेल्कोचे डिझेल ट्रकच जमशेदपूरहून येऊ लागले.

मला या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ओढ वाढली की माल जास्त भरण्याचा मोह होतो. ब्रेक मात्र जुनेच राहतात. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना ब्रेकची. तेव्हा इंजिन बदलणाऱ्याने आधी ब्रेक तपासावेत. चालकाचा जीव त्यांच्यावर असतो.