आईचा डबा

पायातले बूट काढा. तुम्ही आता गिरगावातल्या चाळीतलं पंधरा वर्षांचं पोर आहात, आणि अनवाणी आहात. साल १९४६, फेब्रुवारीतली दुपार. मोबाइल चाचपू नका. खिशात शेंगदाण्याची दोन टरफलं आहेत, बस्स.

आईनं हातात कडीचा पितळी डबा दिलाय. तळ अजून गरम आहे. आत चार भाकऱ्या, लसणाची चटणी. धान्य रेशनचं, घरात तोंडं सात. तरी चार भाकऱ्या बाहेर चालल्यात. जेवणातल्या खड्यांना आणि साहेबाच्या शिव्यांना वैतागून ‘तलवार’ तळावरच्या नौसैनिकांनी संप पुकारला, तो जहाजाजहाजांवर पसरला. आता त्यांची रसद तोडलीय म्हणतात.

धोबीतलाव ओलांडेपर्यंत तुम्ही एकटे उरत नाही. कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या हातात पाण्याची बादली. कोपऱ्यावरचा इराणी पाव वाटतोय, गल्ला उघडायचं नाव नाही. उन्हानं तापलेलं डांबर तळपायाला चटके देतंय. तेवढ्यात नौसैनिकांच्या कॅसल बॅरॅक्सकडून फट्, फट्! फटाके? छे. कुणीतरी तुमची मान खाली दाबतं, ‘बस की रे खाली!’ त्या हाताला तंबाखूचा वास आहे.

पालवा बंदर. गेटवेच्या कमानीशी खारा वारा, घाम, मासळी आणि भाकऱ्यांचा वास एकमेकांत मिसळलाय. पुढे पाय ठेवायला जागा नाही. मागून लोंढा रेटतोय. समोर जहाजांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा लाल, असे तीन झेंडे एकत्र फडफडतायत. बंदोबस्ताचा देशी शिपाई बंदूक पाठीला अडकवून पुडकी होडीत चढवतोय, आणि त्याचा गोरा साहेब नुसता बघतोय. मिसरूडही न फुटलेला एक नौसैनिक तुमचा डबा घेतो.

‘कुठला रे तू?’ तुम्ही विचारता.

‘रत्नागिरी!’ तो ओरडतो. होडी सुटते.

उद्या परळ-लालबागच्या गिरण्या ओस पडतील. लष्कराच्या गाड्या रस्त्यांवर गोळ्या झाडत फिरतील, चाळींच्या गॅलऱ्यांतही कुणी उभं राहू धजणार नाही. दोनशेहून अधिक माणसं जातील. हे तुम्हाला ठाऊक आहे. चाळीत अजून कुणाला नाही.

रात्री आई विचारते, ‘दिलास ना हातात?’

‘दिला.’

‘आणि डबा?’

तुम्ही पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरता.

‘झाकणसुद्धा गेलं?’ ती कपाळावर हात मारते. मग पिठाच्या डब्यात डोकावून म्हणते, ‘जाऊ दे. सकाळी फडक्यात बांधून देईन.’