दापोलीच्या शाळेचा व्हरांडा

इथे कुवेतमध्ये, अब्बासिया असो की सालमिया, फी भरली की आपल्या पोराला वर्गात बाक मिळतो. 1890 नंतरच्या काही वर्षांत कोकणात दापोलीच्या काही पालकांना त्या जागेसाठी सरकारशी भांडावं लागलं.

हे पालक म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले महार पेन्शनर. फौजेच्या शाळांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं होतं. आंबेडकरांचे वडील, रामजी सुभेदार, तर अशाच शाळेत हेडमास्तर होते. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकरही दापोलीतलेच पेन्शनर. गावच्या शाळेत मुलांना घेईनात, तेव्हा या मंडळींनी मिळून अर्ज केले. अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या मते खरी ताकद तीच.

प्रवेश मिळाला, पण बसायचं व्हरांड्यात! सरकारी नियमही पाळला गेला आणि विटाळही.

पुढे साताऱ्याच्या शाळेत रामजींचा भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून सगळ्या मुलांना एकत्र बसवायचा हुकूम काढला, तो 1919 साली.